परवानगीवाले चुरीकाका

चुरीकाका आमच्याकडे आले की बेल वाजवत नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढतात, शाळेत उभं केल्यासारखे सरळ उभे राहतात आणि तीन परवानग्या मागतात.

"दिनेश, आत यायला परवानगी हाय? बसायला परवानगी हाय? आणि तुझ्या फोनला हात लावायला परवानगी हाय?"

पहिल्या दोन नाकारल्या तरी त्यांना काही वाटत नाही. एकदा मी जेवत होतो, तोंडात घास होता, हातानेच 'नाही' म्हटलं. तर पंधरा मिनिटं बाहेर उभे राहिले आणि तिथूनच माझ्या बायकोशी पापलेट कसं महागलंय यावर बोलले. पण तिसरी परवानगी नाकारून बघा. चेहरा असा होतो की वाटतं आपण देवाला नैवेद्य दाखवून परत उचलला. मग माणूस आपणच फोन पुढे करतो.

फोन हातात आला की ते तो लांब धरतात, मान मागे घेतात आणि वाचायला लागतात. "उजेड नव्वद. आवाज शंभर. पडदा दहा मिनिटं जागा. अरे माणूस हायस का वीटभट्टी?" मग दोन बोटं फिरतात आणि फोन परत येतो. उजेड कमी, आवाज बेताचा, अक्षरं मात्र एवढी मोठी की एका ओळीत दोनच शब्द मावतात. "चाळिशी उलटली तुझी. डोळ्यांशी कसली झटापट करतोस?"

मी हे सगळं प्रेमाने लिहितो आहे, असं कोणी समजू नये. या माणसाने माझा एक पक्का सौदा बुडवला आहे आणि मी तो विसरलेलो नाही. मी उमरोळीचा. सायकलच्या कॅरियरला रिकामे कॅन बांधून बोईसरला आणायचो, तिथपासून सुरुवात. आज तारापूरच्या कारखान्यांतून रिकामे ड्रम घेतो, धुऊन, झाकणं बसवून दुसऱ्या कारखान्यांना विकतो. 'ड्रमवाला घरत' एवढं विचारलं तर रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. मला कोणी फसवलं तर मी त्याच्या फाटकासमोर उभा राहून भांडतो, मग तो मालक असो नाहीतर मालकाचा बाप. चुरीकाकांची अडचण अशी, की त्यांनी मला फसवलं नाही. ते इतके खरे वागले की मी बुडालो.

काका मूळचे चिंचणीच्या वाडीतले. नोकरी झाली तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये. सगळा जन्म काट्यांकडे बघण्यात गेला. काटा इकडे सरकला की ते झडप तिकडे फिरवायचे. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूचा एक 'सेट पॉइंट', म्हणजे काटा जिथे राहायला हवा ती जागा, असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. चहाचा असतो, पंख्याचा असतो, भांडणाचासुद्धा असतो. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून ओरडायला लागलो की मागच्या रांगेतून आवाज येतो, "घरतचा सेट पॉइंट सुटला. कोणीतरी खिडकी उघडा."

निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला जातात, नाहीतर गुडघ्याला तेल लावतात. काका साठीनंतर मोबाइलचं ॲप बनवायला शिकले. मोबाइलवरच व्हिडिओ बघून शिकले. व्हिडिओतला मुलगा हिंदी-इंग्रजीत भराभर बोलायचा, हे त्याचा वेग निम्मा करून ऐकायचे. त्यामुळे तो दारू प्यायल्यासारखा बोलायचा आणि आमच्या जिन्यात ते ऐकू यायचं. प्रोग्राम आधी चौकटीच्या वहीत निळ्या पेनाने लिहायचा, चुकलं तर पांढरी शाई लावायची, ती वाळेपर्यंत फुंकर मारायची आणि मग लॅपटॉपवर उतरवायचा. ॲपचं नाव ठेवलं 'सेट पॉइंट'. काम एकच: फोनच्या पोटातल्या सेटिंगमध्ये न शिरता एका पानावरून फोनचा आवाज, उजेड, विजेरी सगळं ताब्यात ठेवायचं. आपला फोन तर ठेवायचाच, शिवाय ज्याने परवानगी दिली त्याचा लांबूनसुद्धा.

"एकदाच लिहायचं आणि दोन्ही जातींच्या फोनवर चालवायचं," ते मला समजावून सांगायचे. "पीठ एकच. तवे दोन. पण दिनेश, तव्यांचे सोभाव येगळे."

त्यांच्या मते फोनच्या दोनच जाती: साधा आणि फळवाला. फळवाला म्हणजे तो महागडा, ज्याच्या पाठीवर घास घेतलेलं फळ असतं. (काकांना ते चित्र मुळीच पटत नाही. "आमच्या वाडीत असा उष्टा चिकू कोण पाटीतसुद्धा ठेवत नाय.") साधा फोन म्हणजे घरचा माणूस. एकदा परवानगी दिली की म्हणतो, घे बाबा, आवाज कमी कर, उजेड कमी कर, काय पाहिजे ते कर. फळवाला म्हणजे साहेबाची कचेरी. आवाजाची घंटी तो कुठल्याही ॲपच्या हातात देत नाही. फार विनवणी केली तर आपल्याला सेटिंगच्या दारापर्यंत नेऊन सोडतो आणि म्हणतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

"आणि फळवाला एकदाच विचारू देतो," काका बोट वर करून सांगायचे. "ॲपने विचारायचं, परवानगी हाय का? समोरच्याने नको म्हटलं की संपलं. परत त्या ॲपने तोंड उघडायचं नाय. सिस्टिम मोठी हाय, आपण लहान."

हीच विभागणी मग त्यांनी माणसांवर लावली. माझी बायको साधी. आमचे सेक्रेटरी फळवाले. "तूपण फळवालाच," मला एकदा तोंडावर म्हणाले. "तुझ्यात बाहेरून काय बदलता येत नाय."

"आणि काकू?" मी विचारलं.

"मंदा साधी. फोन तेवढा फळवाला मिळाला तिला."

इथे सगळ्याचं मूळ होतं. मंदाकाकू पुण्याला मुलीकडे गेल्या त्या तीन महिन्यांसाठी. पल्लवीला मुलगी झाली होती. तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली. पल्लवीची नोकरी, जावयाची नोकरी, नात मीरू काकूंच्या कडेवर. जावयाने आपला जुना फळवाला फोन सासूबाईंना दिला. मीरूची झोप अशी, की भिंतीवर पाल चुकचुकली तरी ती जागी होणार. म्हणून काकूंचा फोन कायमचा मुका. काका बोईसरहून दुपारी फोन लावणार, तो पुण्यात न वाजता पडून राहणार, काकूंना संध्याकाळी तो दिसणार, आणि त्या उलट फोन करेपर्यंत मीरू उठून रडत असणार. "जेवलात? गोळी घेतली? ठेवते." संपलं बोलणं.

काकांना आता एकच गोष्ट पाहिजे होती. आपण इथून बोलावलं, की तिथे काकूंना ते कळावं. सगळं ॲप त्यासाठी. आम्हा बाकीच्यांचे फोन म्हणजे नुसता सराव.

पुण्याच्या फोनवर ॲप चढवलंसुद्धा. पल्लवीच्या मागे लागून चढवलं. ॲप उघडताच त्या फोनने काकूंना विचारलं, हे ॲप तुम्हाला सूचना पाठवील, चालेल का? आता जावयाने सासूबाईंना पहिल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, "आई, फोनने काहीही विचारलं तरी 'नको' दाबायचं. फसवणारे फार आहेत." काकूंनी नको दाबलं. झालं. तीन वह्या, पांढऱ्या शाईच्या कितीतरी बाटल्या आणि एक 'नको'.

काका चार दिवस कोणाच्या दारात आले नाहीत. मग आले, परवानग्या मागितल्या, माझ्या फोनचा उजेड कमी केला आणि म्हणाले, "दुसरी वाट असंल. वाट नाय असं कंट्रोल रूममध्ये कधी झालं नाय."

दुसऱ्या वाटेच्या शोधात त्यांनी आमच्यावर जे प्रयोग केले, त्यांतला एक अजून सोसायटीत सांगतात. गणपतीच्या आरतीत कोणाचा तरी फोन वाजतो म्हणून काकांनी ॲपमध्ये 'शांतता' नावाची कळ केली. ज्यांनी परवानगी दिली त्यांचे सगळे साधे फोन (आमच्या इमारतीत दुसरे नाहीतच) एका बोटात मुके. आरती झाली, प्रसाद झाला, काकांना दोन मोदक जास्त झाले आणि ते घरी जाऊन झोपले. कळ उलटी फिरवायची राहिली. दीड दिवस आमची अख्खी इमारत जगाला मेलेली होती. बायका नवऱ्यांवर संशय घेत होत्या, नवरे कंपनीवर. शेवटी सातपाटीहून मासळी घेऊन येणारी हिराबाय, जी आधी फोन करून विचारते मग येते, ती टोपली डोक्यावर घेऊन चार मजले चढून आली आणि जिन्यात उभी राहून ओरडली, "आरं मेली का काय सगली? येक बी उचलत नाय! ही कोलंबी काय माज्या डोक्यावर शिजवू?"

काकांनी हात जोडून तिची क्षमा मागितली आणि सगळी कोलंबी स्वतः घेतली. एकटा माणूस. तीन दिवस आमच्याकडे वाटीवाटीने येत होती.

आता माझा सौदा.

माझ्या धंद्यात दर तोंडाने ठरतो आणि तोंडाला सोबत लागते. समोरचा खरेदीवाला साहेब अडून बसला, की आपला फोन वाजावा लागतो. आपण तो बघायचा, कपाळाला आठी घालायची, 'हा हा, सांगतो, अर्ध्या तासात सांगतो' असं बोलून ठेवून द्यायचा. समोरच्याला वाटतं, याच्या मागे दुसरं गिऱ्हाईक लागलंय. पूर्वी हे काम माझी बायको करायची, पण ती बरोबर वेळ साधत नसे. एकदा तर मी साहेबाच्या समोर असताना फोन करून, त्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात खऱ्याच काळजीने विचारलं, "किती वाजता करू म्हणालात?"

मी काकांना म्हटलं, "काका, तुमच्या ॲपमध्ये एवढं करून द्या. फोन मुका असला तरी बाजूची कळ तीनदा दाबली, की खणखणीत वाजला पाहिजे."

काका खूश. "मुक्या फोनला बोलता करायचं? हेच तर माझं काम हाय!" आठ दिवसांत करून दिलं. मी घरी तीनदा करून बघितलं. असा वाजायचा, की वरच्या मजल्यावरून विचारायचे, "घरत, कोणाचा फोन?" मी घरी फोन कानाला लावून बघितला, पडदा बघितला नाही. ही माझी चूक. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यातली ही एकच चूक, असं समजा.

एका रंगाच्या कारखान्यात मिश्राजी म्हणून खरेदी बघतात. केबिन थंडगार, माणूस त्याहून थंड. ड्रमचा मोठा सौदा होता. मी माझा दर सांगितला, त्यांनी त्यांचा. मी छातीला हात लावला. "साहब, इसमें तो मेरा टेंपो भी रोएगा." ते हसले, पण हलले नाहीत. मी टेबलावर फोन उताणा ठेवला, सहज ठेवावा तसा, आणि बोटाने बाजूची कळ तीनदा दाबली.

फोन वाजला. काय वाजला! काचेचा पेपरवेट थरथरला. आणि वाजता वाजता त्याचा पडदा असा उजळला, की मिश्राजींच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. त्या उजेडात, काकांनीच मोठ्या करून ठेवलेल्या अक्षरांत, पिवळ्यावर काळं लिहिलं होतं:

'खोटा फोन वाजवण्याचे काम चालू आहे. थांबवायचे असल्यास येथे दाबा.'

मिश्राजी पुढे वाकले. चष्मा टेबलावर होता, तो त्यांना लावावासुद्धा लागला नाही.

"घरतजी," ते म्हणाले, "थांबवायचे असल्यास यहाँ दबाना है."

"साहब, आपको मराठी..."

"बीस साल से बोईसर में हूँ." आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने, फार सभ्यपणे, ते दाबलं.

फोन गप्प झाला. मग त्यांनी एक दर सांगितला, जो त्यांच्या आधीच्या दराहूनही खाली होता, आणि चहा मागवला. मी चहा न घेता उठलो. सौदा पालघरच्या एका माणसाला गेला, ज्याला ड्रमचं तोंड कुठे आणि बूड कुठे हे कळत नाही. आणि ही बातमी थंड केबिनमध्ये राहिली नाही. हल्ली माझा खरा फोन वाजला तरी समोरचा साहेब मान वाकडी करून पडदा वाचायला बघतो. "असली है ना, घरतजी?" हे सहन करून बघा.

मी तिथून स्कूटर काढली ती सरळ काकांच्या दारात. दुपारचा एक वाजला होता. दार उघडंच होतं. मी परवानगी मागितली नाही, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"काका! माझा गळा कापलात तुम्ही!"

काका बनियनवर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर ताट झाकून ठेवलेलं, बाजूला दोन फोन, एक साधा आणि एक फळवाला, काच तडकलेला.

"वाजला ना?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"वाजला!"

"मोठ्यांदा?"

"मोठ्यांदा!"

"मग ॲपने काम केलं."

"आणि ती पाटी? ती कशाला लावलीत वर?"

"पाटी लावल्याबिगर सिस्टिम असलं काम करू देत नाय. मागे गुपचूप काय चाललंय ते मालकाला दिसलं पायजे. न्याय हाय."

"पण 'खोटा' कशाला लिहायचं? दुसरं काहीही लिहायचं होतंत!"

"काय लिहू? खोट्या फोनला खरा फोन लिहू?" काकांना खरोखरच कोडं पडलं होतं. "दिनेश, खोटं बोलायचं काम तुझं. माझ्या ॲपचं नाय."

माझा सेट पॉइंट सुटला. पुढची पाच मिनिटं मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका ऐकत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. एका हाताने ते साध्या फोनवर पुण्याचा नंबर लावत होते. कानाला लावला, ऐकत राहिले, ठेवला. परत लावला, ऐकत राहिले, ठेवला. मी मध्ये श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "बोल, बोल. मी ऐकतोय. मीरू एक वाजता झोपते, म्हणून या टायमाला बघतो."

"मग तो फोन कशाला?" मी तडकलेल्याकडे बोट दाखवलं.

"तिच्यासारखाच हाय. पालघरहून जुना आणला. काय होतं, काय नाय, ते याच्यावर करून बघतो. घंटी नाय होत. सूचना नाय होत, ती नको म्हणाली." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं आणि तो तडकलेला फोन हळूहळू उजळला, जसा एखादा कंदील वर करावा तसा. "उजेड तेवढा होतो."

मी रागातच होतो. "तुमच्या त्या उजेडानेच घात केला माझा! भर दुपारी त्याच्या तोंडावर पडला!" आणि बोलता बोलता थांबलो. मी कितीही तापट असलो तरी समोर माल असला की तो मला दिसतो. "काका, हा उजेड इथून पुण्याला करता येतो?"

"येतो. फक्त तिने ॲप उघडून ठेवायला पायजे."

"मग वाजवायचं कशाला? घंटी नकोच! काकू मीरू झोपल्यावर कुठे असतात?"

"वट्याशी. भांडी, संध्याकाळची भाजी."

"तर फोन ओट्यावर उभा करून ठेवायचा, ॲप उघडं. तुम्ही इथून उजेड वाढवला की त्यांना दिसणार. पोरगी उठणार नाही. एवढं डोक्यात आलं नाही तुमच्या?"

"आलं." काका ताटावरचं झाकण उगाच नीट करत होते. "सहा महिने झाले. तसं लिहूनपण ठेवलंय."

"मग?"

"ॲप उघडं ठेव, असं तिला सांगायला लागंल ना."

"मग सांगा!"

"सांगणं म्हणजे मागणंच, दिनेश. मी एकदा मागितलंय. ती गेली तेव्हा. म्हटलं, मीपण येऊ का तिकडं ऱ्हायला? ती म्हणाली, आत्ता नको, जागा लहान हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी समजावणीच्या सुरात. "एकदा नको म्हटल्यावर परत विचारायचं नसतं."

मी खुर्ची ओढून बसलो. 'नको' हा शब्द ऐकून उठून जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. माझं सगळं घर, स्कूटर, टेंपो त्या शब्दानंतरच सुरू झालेल्या बोलण्यावर उभी आहेत.

"पुण्याचा दुसरा कुठला नंबर आहे?" मी विचारलं.

"गेटवरच्या वॉचमनचा हाय. पल्लवीने दिलाय, पण तो तातडीला."

"द्या."

"तातडी नाय काय."

"मी ठरवतो!"

वॉचमन म्हणाला, गेट सोडता येत नाही. मी म्हटलं, पाच मिनिटं. तो म्हणाला, इंटरकॉम करतो. मी म्हटलं, खबरदार, पोरगी उठेल. जिना चढून वर जा, बेल वाजवू नको, दारावर टिचकी मार आणि सांग, बोईसरच्या दिनेशला फोन करा. तो म्हणाला, चौथा मजला आहे, लिफ्ट बंद आहे, मला काय त्याचं? मी म्हटलं, चिकू आवडतात? तो थांबला. म्हणाला, पेटी? मी म्हटलं, अर्धी. तो म्हणाला, चार मजल्यांना अर्धी? मी म्हटलं, उतरताना काय कष्ट पडतात? शेवटी पाऊण पेटीवर तुटलं, वर 'पिकलेले नको, कडक पाहिजेत' अशी अट. काका तोंडावर हात ठेवून बघत होते.

चार मिनिटांत काकूंचा फोन माझ्या फोनवर आला. दबका आवाज, धाप लागलेली. "दिनेश, काय झालं यांना?"

"काही नाही, काकू. ठणठणीत आहेत. समोर बसलेत, बनियनवर."

पलीकडे एक मोठा श्वास सुटला. "मग माझा जीव कशाला घाबरवलास रे मेल्या?"

मी मुद्द्यावर आलो. काकांचं ॲप उघडून फोन ओट्यावर उभा करून ठेवायचा. काका हाताने खुणा करत होते, नको, जबरदस्ती नको. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"किती वेळ?" काकूंनी विचारलं.

"दिवसभर."

"दिवसभर! मग मीरूला गाणी कशावर दाखवू?"

"बरं, ती झोपते तेवढा वेळ. एक ते चार."

"चारला भाजीवाल्याचा फोन येतो."

"एक ते साडेतीन. रोज."

"रविवारी सगळी घरात असतात."

"रविवार सोडला. पण बाकीचे सहा पक्के. आणि फोन चार्जरला लावून."

"वट्यावर तो बटणाचा बोर्ड हाय, तिथं लावीन." मग म्हणाल्या, "पण हे त्यांनी का नाय सांगितलं मला?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते माझं नव्हतं. "त्यांनाच विचारा," म्हटलं. पलीकडे मीरूने कूस बदलल्याचा काहीतरी आवाज आला आणि फोन बंद झाला.

काकांनी तडकलेला फोन पुढे ओढला. 'सेट पॉइंट'च्या पानावर 'मंदा' असं लिहिलेली एक पट्टी होती, इतके दिवस करडी. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. थोड्या वेळाने ती हिरवी झाली. काकांनी बोट बनियनला पुसलं, पट्टीवर ठेवलं आणि इतकं सावकाश सरकवलं, की ते सरकतंय की नाही हेच मला कळेना.

"भरभर करा की!"

"तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. एकदम उजेड लागंल डोळ्यांना."

बोट अर्ध्यावर पोचलं असेल नसेल, तेवढ्यात बाजूला ठेवलेला काकांचा साधा फोन वाजला. त्यांनी तो कानाशी नेला. काकू इतक्या जवळून बोलत होत्या, की मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होतं.

"दिसला. टाइलवर पडला उजेड. मी पातेलं घासत होते. पल्लवीचा इअरफोन कानात घातलाय, फोन तिथंच उभा हाय, ॲप उघडं."

"लागतो का डोळ्यांना?"

"थोडा कमी करा."

काकांनी बोट किंचित मागे घेतलं. "आता?"

"अजून जरा."

"आता?"

"आता बरोबर. असू द्या." मग, "ऐका ना. जागा लहान हाय म्हणून म्हटलेलं मी. तेव्हाचं. परत कधी विचारलंच नाय तुमी."

काकांचं बोट पट्टीवर तसंच होतं.

"हायत ना तुमी?" पलीकडून आलं.

"हाय," काका म्हणाले. "मंदा, विचारू?"

मी उठलो. माझा सौदा, माझी बेअब्रू, मिश्राजींचा चहा, सगळं तोंडात तयार होतं, पण ते मला तसंच घेऊन जावं लागलं. दार हळू ओढून घेताना पाठीमागे दोघांचं बोलणं चालू होतं. पुण्यात मीरू झोपली होती, म्हणून काकू कुजबुजत होत्या. बोईसरच्या त्या घरात झोपलेलं कोणीच नव्हतं, तरी काकाही तितक्याच हळू बोलत होते.